ठेवणीतलं टायर

दादाच्या मातीला आलेले लोक परत निघताना एकच वाक्य म्हणत होते. “टायर तर नवंकोरं होतं.” कुणी हळहळून म्हणायचं, कुणी आभाळाकडं बघून, कुणी ढिगातून आपल्या चपला शोधता शोधता. नवंकोरं टायर फुटलं म्हणजे माणसाच्या हातात काही नसतं, असा त्या वाक्याचा पुढचा अर्थ होता आणि तो सगळ्यांना सोयीचा होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. ते ऐकून मलाही बरं वाटलं होतं. बाकी सगळ्या गोष्टींवरचा माझा राग कमी-जास्त होत राहतो. त्या बरं वाटण्यावरचा होत नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमची शेती घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या शिवारात. आम्ही दोघं शिकायला जालन्याला आलो आणि इथलेच झालो. नवीन जालन्यात आमचं दुमजली घर आहे. खाली दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहायची. वर मी आणि माझी पुस्तकं. मी लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि त्यातच केस पिकले. दादा बियाण्यांच्या धंद्यात होता. गावोगावच्या दुकानांत माल पोचवायचा, शेतकऱ्यांशी बोलायचं, तक्रारी ऐकायच्या. त्याची गाडी सदा रस्त्यावर असायची.

घरात कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की दादा जिन्याखालून हाक मारायचा. “पंडित, खाली ये.” फ्रीज कुठला घ्यायचा, दाताच्या डॉक्टरकडं जायचं की अजून थांबायचं, पोरीनं कुठल्या शाखेला जायचं. “त्याला विचारा, त्यानं वाचलेलं असतं,” असं तो बाहेरच्यांनाही सांगायचा. मला ते आवडायचं. ज्या गोष्टीबद्दल काही वाचलेलं नसायचं, तिच्याबद्दलही मी त्याच आवाजात सांगायचो आणि तो तितक्याच विश्वासानं ऐकायचा.

आमच्या घराची अजून एक रीत सांगितली पाहिजे. चांगली वस्तू आली की ती आधी ठेवायची. आईपासूनची सवय. नवी चादर पेटीत आणि उसवलेली अंगावर. पाहुण्यांसाठी घेतलेल्या स्टीलच्या ताटांवरचे कागद बारा वर्षांनीही निघाले नव्हते. नवी साडी ठेवणीतली, नवा टॉवेल ठेवणीतला. वापरलं नाही म्हणजे ते आहे तसं राहतं, असा आमचा पक्का समज. आमचाच कशाला, आमच्या सगळ्या गणगोताचा. मी कितीतरी घरांत सोफ्यांवर पिवळी पडलेली प्लास्टिकची आवरणं बघितली आहेत. त्यांच्यावर बसताना घामानं पाठ चिकटते, पण आवरण काढायला कुणी धजत नाही.

दादाच्या गाडीची स्टेपनी अशीच ठेवणीतली होती. चालत्या चार चाकांची टायरं त्यानं दोनदा बदलली, पण डिकीतलं पाचवं चाक गाडी घेतली त्या दिवसापासून तसंच होतं. पंक्चर झालं की तो रस्त्याच्या कडेला तासभर उन्हात बसून पंक्चर काढून घ्यायचा, पण स्टेपनी काढायचा नाही. दसऱ्याला मात्र ती बाहेर निघायची. अंगणात गाडी धुऊन झाली, झेंडूचं तोरण बांधून झालं, की दादा स्टेपनी पाटावर ठेवायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा आणि तिला हळदकुंकू लावायचा. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते तिच्यावर सगळे शाबूत होते. दादा त्यांच्यावरून बोट फिरवून वहिनींना म्हणायचा, “बघ, इतकी वर्षं झाली, जमिनीला पाय लागला न्हाई हिचा.”

वहिनी म्हणायच्या, “मला बी असंच ठिवलं असतं तर बरं झालं असतं. इथं तर आल्या दिवसापासून पळवून राह्यले.”

मी शेजारी निरांजनाचं ताट धरून उभा असायचो. त्या टायरच्या अंगावर उठावाची अक्षरं होती, आकडे होते. मी छापील दिसेल ते वाचणारा माणूस. भेळीच्या कागदावरच्या जुन्या बातम्यासुद्धा वाचतो. प्रत्येक दसऱ्याला मी ते आकडे वाचले असणार. त्यांचा अर्थ विचारावा असं मला एकदाही वाटलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये दादाचा बदनापूरजवळून फोन आला. रस्त्यावर पडलेला सळईचा तुकडा मागच्या डाव्या चाकाच्या बाजूला घुसला होता. इथं लोखंडाचे कारखाने आहेत, ट्रकमधून असले तुकडे सांडत असतात. टायरच्या बाजूची भिंत चिरली की पंक्चर काढता येत नाही, टायर जातं. पंक्चरवाल्यानं त्याला दोन मार्ग सांगितले होते. शेजारच्या दुकानातून नवं टायर घ्यायचं, नाहीतर स्टेपनी लावायची.

“पंडित, काय करू?” दादानं विचारलं.

मी एक पुस्तक वाचत होतो. पानात बोट तसंच ठेवून मी म्हणालो, “स्टेपनी टाक की. कोरी आहे ना? तिचं काय लोणचं घालायचंय?”

तो खो खो हसला. “बराबर हाय. लागू दे तिचा बी पाय जमिनीला.”

त्यानं स्टेपनी लावली. महिनाभर ती चालली. मे महिन्यात भर दुपारी बाराच्या सुमारास, सिमेंटच्या नव्या मोठ्या रस्त्यावर, मागचं डावं टायर फुटलं आणि गाडी दोन कोलांट्या खाऊन खाली गेली. दादानं पट्टा लावला होता. तरीही गेला. याहून जास्त मी इथं लिहिणार नाही.

मग ते वाक्य सुरू झालं. मातीला, सावडायला, दहाव्याला, तेराव्याला. पंचनामा करणाऱ्या हवालदारानंही सांगितलं, टायर तर नवं दिसतंय, नक्षी पूर्ण आहे. नक्षी म्हणजे टायरवरच्या खाचा. आमच्याकडं टायर ओळखायची एवढीच खूण आहे. खाचा आहेत तर टायर आहे, खाचा गेल्या तर टायर गेलं. बैठकीत बसलेल्या एका म्हाताऱ्या आत्यानं सुस्कारा टाकला, “नवं टायर फुटतंय म्हणजे बाईच्या कुंकवातच बळ न्हाई.” वहिनी दोन हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं आणि खाली मान घालून बसलो. घरात शिकलेला माणूस मी एकटाच नव्हतो, पण तिथं उठून बोलायला हवं होतं ते मी.

जूनमध्ये विम्याचा माणूस गाडी तपासायला येणार होता, म्हणून मला पोलीस ठाण्याच्या आवारात जावं लागलं. गाडीकडं मला बघवत नव्हतं. तो माणूस वयानं लहान, अंगात चौकड्यांचा शर्ट, हातात टिपणवही. त्यानं फुटलेल्या चाकाजवळ उकिडवं बसून टायरची लोंबणारी कातडी उचलून बघितली.

“सर, हे टायर कधी टाकलेलं?”

“एप्रिलमध्ये. नवीन होतं. स्टेपनी होती.”

त्यानं माझ्याकडं वर बघितलं. मग अंगठ्यानं टायरच्या कडेची धूळ पुसली. लंबगोल चौकटीत चार आकडे होते. “हे पहिले दोन, म्हणजे वर्षातला कितवा आठवडा. हे नंतरचे दोन, म्हणजे साल. त्या आठवड्यात हे टायर बनलं. बारा वर्षं झाली ह्याला, सर.” मग त्यानं कातडी उलटी करून दाखवली. आतले थर एकमेकांपासून सुटले होते, वाळलेल्या पोळीचे पदर सुटावेत तसे. “रबर डिकीत पडून पडून मरतं. आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना तुम्हाला? वरून कळत नाही. तुम्ही न लावता फेकून दिलं असतं तर…” तो मध्येच थांबला. चांगल्या घरचा मुलगा होता.

त्या चाकावर रबराचे काही केस अजून होते.

घरी येऊन मी माझ्या स्वतःच्या गाडीकडं गेलो. ही गाडी मी आईच्या आजारपणात घेतली होती, तिला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी. आई गेल्यानंतर ती कव्हर घालून अंगणात उभी होती. महिन्यातून एकदा सुरू करायची आणि परत झाकायची. तिच्या समोरच्या कप्प्यात कंपनीची पुस्तिका होती. प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटाची चिकटपट्टीसुद्धा न उघडलेली. माझ्या घरातलं मी न वाचलेलं एक छापील पुस्तक. तेही मी ठेवणीतच ठेवलं होतं. मी चिकटपट्टी फाडली आणि उभ्यानंच वाचत गेलो. सगळं लिहिलेलं होतं. सरळ, साध्या वाक्यांत. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायरं जाणकाराला दाखवा. खाचा शिल्लक असल्या तरी दहा वर्षांपलीकडं वापरू नका. उष्ण प्रदेशात हा काळ आणखी कमी धरा. बाजूला भेगा दिसल्या, फुगवटा आला, तर लगेच बदला. जादा चाकालाही हेच नियम लागू आहेत.

जादा चाकालाही. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही.

आणि मग मी गप्प बसलो. जून, जुलै, ऑगस्ट. लोक भेटायला येत राहिले. वहिनी चहा करत राहिल्या. “टायर तर नवं होतं हो,” कुणीतरी म्हणायचं आणि मी मान हलवायचो. माणूस किती नीच असू शकतो हे मी पुष्कळ कादंबऱ्यांत वाचलं होतं. मान हलवण्याएवढी छोटी हालचाल त्यात कुठं नव्हती.

जानेवारीत पुतणीला बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात काम मिळालं. कडधान्यांच्या वाणांवरचं काम, सकाळी सातला शेतात हजर. रेल्वेची वेळ जुळत नव्हती. बसमधून उतरून पुढं पायी जायचं तर उशीर व्हायचा. तिनं गाडी शिकून घेतली होती. मी म्हणालो, माझी गाडी तू घे. पण टायरं बदलल्याशिवाय ती गाडी फाटकाबाहेर पडणार नाही. चारही आणि स्टेपनीसुद्धा.

त्या रविवारी वहिनींचे धाकटे भाऊ आले होते. गावाकडून हुरडा घेऊन आले होते, पिशवीभर. भले गृहस्थ. त्यांचा ट्रॅक्टर आहे, जीप आहे, त्यामुळं चाकाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी माझ्या गाडीचं कव्हर बाजूला केलं, खाली बसले, खिशातून नाणं काढून टायरच्या खाचेत घातलं.

“काय भाऊसाहेब, हे बदलायचं म्हन्ता? अर्धं नाणं आत चाललंय! हे टायर पोरीच्या लग्नापर्यंत हालत न्हाई.”

“लग्नाचं राहू द्या मामा,” पुतणी म्हणाली.

“राहू दे कसं? तुझे काका टायर शोधायलेत, मी नवरदेव शोधायलो. बघू कोणाचं आधी सापडतंय.”

वहिनी पायरीवर बसून सुपात हुरड्याची कणसं निवडत होत्या. त्यासुद्धा थोडं हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

मी म्हणालो, “प्रश्न खाचांचा नाही, वयाचा आहे. नऊ वर्षं झाली.”

“नऊ वर्षं उभीच हाय की गाडी! चालली कुठं? घासलं न्हाई तर जुनं कसं हुईल? तुम्ही पुस्तकं आणून कपाटात ठिवता. न वाचता जुनी हुतात का?”

“होतात. पानं पिवळी पडतात. हात लावला की तुटतात.”

“घ्या!” त्यांनी टाळीसाठी भाचीपुढं हात केला. “पंडिताच्या नादी कोण लागंल.” मग ते उठले, नाणं पॅंटीला पुसून खिशात टाकलं आणि आवाज खाली आणून, मला समजवावं तसं बोलले. “हे बघा. दाजीचं टायर तर करकरीत कोरं व्हतं. तरी फुटलंच ना? मंग? ज्याचं त्याचं लिहिलेलं असतंय. उगं खर्चा कशाला?”

मी आयुष्यभर हळू बोलत आलो आहे. ग्रंथालयात दुसऱ्यांना गप्प करण्याचीच नोकरी होती. त्या दिवशी माझा आवाज समोरच्या घराच्या गच्चीवर गेला असेल आणि मी ज्या भाषेत बोललो ती मी शाळेत असताना सोडली होती.

“नवं न्हवतं ते! बारा वर्षांचं व्हतं. मेलेलं टायर व्हतं. त्याच्यावर साल लिहिलेलं व्हतं अन् मी दर दसऱ्याला त्याच्यापुढं ताट धरून उभा राहायचो! काही लिहिलेलं न्हवतं नशिबात. दादानं मला फोन केल्ता. काय करू म्हणून इचारलं. मीच म्हणलं, टाक स्टेपनी!”

पुतणी गाडीच्या दाराला धरून उभी होती. वहिनींच्या हातात एक कणीस होतं, ते त्यांनी सुपात ठेवलं.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला, भाऊजी?”

“जूनपासून.”

त्यांनी बोटांवर महिने मोजले. खरोखर मोजले, एकेक पेर दाबत. “सात महिने,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “सात महिने मी ह्या लोकांना चहा देऊन राह्यले. माझ्या तोंडावर माझं कुंकू काढलं लोकांनी. मी रात्रंदिवस आठवत बसले, माझ्या हातून काय चुकलं. कोणता उपास मोडला. कोणाचा तळतळाट लागला. अन् तुम्ही वर बसून पुस्तकं वाचत होतात.”

“वहिनी…”

“तुम्ही टायर लावाय सांगितलं, ते मी सोडलं. तेवढी अक्कल तर त्यांना बी पाहिजे होती. त्यांचा धंदाच तो. बियाण्याच्या पिशवीची तारीख उलटली तर दुकानदाराला शिव्या द्यायचे. ठिवलं म्हणून ताजं राहत न्हाई, बी आतून मरतंय, म्हणायचे. शंभरदा ऐकलंय मी.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पण तुम्ही बोलला न्हाईत. ते मी सोडणार न्हाई.”

त्या सूप घेऊन आत गेल्या. मामा म्हणाले, “आक्का, ऐक तर…” आणि मागोमाग जाऊन उंबऱ्यातच थांबले.

मी तिथंच उभा होतो. मला वाटत होतं, आता पुतणीही आत जाईल. ती खाली बसली. पुढच्या चाकाशी तोंड नेऊन म्हणाली, “काका, कुठं असतं ते साल?”

बाहेरच्या बाजूला सापडलं नाही. आकडे टायरच्या एकाच अंगाला असतात आणि आमचे नेमके आतल्या बाजूला गेले होते. ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली, मोबाईलचा उजेड पाडून तिनं एकेक चाक वाचलं. चारही नऊ वर्षांची. बाहेर आली तेव्हा तिचे केस मातीनं भरले होते. “आतून भेगा आहेत,” ती म्हणाली. “वाळलेल्या तळ्यासारख्या.” मग डिकी उघडून स्टेपनी बघितली. तीही नऊ वर्षांची. वर रबराचे केस, सगळे शाबूत. तिनं डिकी इतक्या जोरानं आपटली की मामा उंबऱ्यातून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा वहिनी तयार होऊन फाटकाशी उभ्या होत्या. मला काही न बोलता त्या मागच्या सीटवर बसल्या. टायरच्या दुकानापर्यंतचा रस्ता दोन किलोमीटरचा. मी सायकलच्या वेगानं गाडी नेली. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते.

दुकानदारानं कागदात गुंडाळलेलं टायर आणलं आणि आमच्यासमोर कागद फाडला. “एकदम कोरा माल.” पुतणीनं ते जमिनीवर फिरवलं, थांबवलं, वाचलं.

“हे चार वर्षांचं आहे.”

“ताई, गोडाऊनमध्ये सावलीत होतं. माणसाचा हात लागला नाही त्याला.”

“हात नाही लागला म्हणून वय थांबतं का?”

“असं कोणी बघत नाही हो.”

“आम्ही बघतो,” वहिनी म्हणाल्या. दुकानात त्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. दुकानदारानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मी तरी काही समजूतदारपणा दाखवेन म्हणून. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, त्यानं मागच्या खोलीत हाक मारली. अर्ध्या तासानं दुसरा माल आला, काही महिन्यांपूर्वीचा. पुतणीनं पाचही टायरं वाचली.

जुनी टायरं निघाली. दुकानदार त्यांना ओढून बाजूला ठेवू लागला. चार त्यानं भिंतीशी टाकली, पण स्टेपनीचं टायर उचलून वेगळं ठेवलं. “हे मी घेतो. ह्याचे चांगले देईन.” बाकावर एक जीपवाला बसला होता, गावाकडं माणसं वाहणारा. दुकानदारानं त्याला डोळ्यानं खूण केली आणि तो उठला, टायरवरून हात फिरवू लागला. तसाच, केसांवरून.

“ते कापा,” वहिनी म्हणाल्या. “सगळीच कापा. ते आधी. माझ्यासमोर.”

दुकानदार हसला. “वहिनी, कोरं टायर आहे. लक्ष्मी आहे. असं कापत नसतात.”

“कापा म्हणलं ना.”

त्यानं कटर आणलं. रबराचा जळका वास सुटला. बाजूची भिंत गोल कापली गेली आणि टायरचा आकारच गेला. वहिनी नाकाला पदर लावून उभ्या होत्या, डोळे मात्र टायरवरून काढले नाहीत.

जीपवाला खवळला. “चांगलं टायर कापलं. ताटातलं अन्न नालीत टाकल्यासारखं. मस्ती आलीय ह्या लोकांना.”

“भाऊ,” वहिनी म्हणाल्या, “माझा माणूस ह्याच्यावर गेला. असल्याच कोऱ्यावर.”

मला वाटलं, आता तो हात जोडेल, नशीब म्हणेल. पण त्याचा राग ओसरला नव्हता. त्यानं बाहेर उभ्या असलेल्या जीपकडं हात केला. “मंग आमची माणसं कशावर बसत्यात ते बी बघा की येऊन. तुम्हाला वाचता येतंय ना? वाचा.”

मी गेलो. चार चाकांवर तीन प्रकारची टायरं होती. त्यातल्या दोहोंवरचं साल वाचून मी पुतणीला सांगितलं आणि तिनं ते पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्याला आतल्या बाजूला फुगवट्याची गाठ आली होती. चौथ्यावरचे आकडे कुणीतरी घासून काढले होते, कानशीनं, नीट, सगळीकडं सारखे. त्या घासलेल्या जागेवर मी बोट ठेवलं. हे काम कुणीतरी निवांत बसून केलं होतं. त्याला आकड्यांचा अर्थ माहीत होता. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात ते वाचणारा एक जण निघाला आणि त्यानं ते पुसून टाकण्यासाठी वाचले.

“हे कुठून घेतलं?” मी विचारलं.

जीपवाल्यानं दुकानाकडं बघितलं. दुकानदार आत जाऊन पंख्याचं बटण दाबत होता.

“सांगा ना आता,” जीपवाला म्हणाला. “वाचलं. पुढं काय करू? उद्या बाजार हाय. चौदा मान्सं बसणार हायत.”

“चौथं काढून टाका. आजच. आणि ते गाठीचं,” मी म्हणालो. “हळू चालवा. मोठ्या रस्त्याला नेऊ नका.” मी बोलत होतो आणि मला कळत होतं की हा तोच आवाज आहे, पानात बोट ठेवून बोललेला. तो मान हलवत ऐकत होता. ती मान मला ओळखीची होती.

त्यानं काढलं की नाही, मला माहीत नाही. मी दोनदा त्या बाजूला जाऊन बघून आलो, जीप दिसली नाही. दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, असा कोणी गिऱ्हाईक आठवत नाही.

पुतणी रोज सकाळी सव्वासहाला गाडी काढते. मी वरच्या खिडकीत असतो. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलतात. चहाचा कप जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवतात, पूर्वी वर आणून द्यायच्या. त्यांना जे सोडायचं नव्हतं ते त्यांनी सोडलेलं नाही आणि सोडावं असं मीही म्हणणार नाही. मात्र एक झालं. ती आत्या परवा भेटायला आली होती आणि बसल्या बसल्या तिनं सुरू केलं, “नवं टायर असून…” मी जिन्यात होतो, उतरेपर्यंत वहिनींचा आवाज आला. “बारा वर्षांचं होतं, आत्या. चहा घ्या, नाहीतर उठा.”

काल हवा भरायची म्हणून मी गाडीची डिकी उघडली. नव्या स्टेपनीच्या वरच्या झाकणाला आतून बियाण्याच्या पिशवीचं एक लेबल चिकटवलेलं आहे, दादाच्या जुन्या गठ्ठ्यातलं. त्याच्यावर वाण आणि वजनाचे रकाने रिकामे आहेत. मुदतीच्या रकान्यात पाच वर्षांनंतरचा महिना लिहिलाय आणि खाली वहिनींच्या जाड, शाळेतल्या अक्षरात एक ओळ आहे. ह्या तारखेनंतर कोणी काही म्हणलं तरी कापणे.

मला विचारून लिहिलेली नाही.